टाकीचा तिसरा चंबू

काचेच्या त्या कारखान्यात एक नियम होता, आणि तो कुठल्याच भिंतीवर लिहिलेला नव्हता. एक नग झाला की एक पेला पाणी. साधी परीक्षानळी असो नाहीतर मोठा चंबू, तो फुंकून झाला, निववायच्या भट्टीत गेला, की कारागिराने उठायचं, कोपऱ्यातल्या काचेच्या बरणीची तोटी सोडायची आणि पेला रिकामा करूनच परत बाकावर बसायचं. तहान असो वा नसो. फार पूर्वी म्हणे कुणी एक कारागीर पाण्यावाचून भट्टीपुढे चक्कर येऊन पडला होता, तेव्हापासूनची ही रीत. तो कोण, कधी पडला, असं विचाराल तर प्रत्येक जण वेगळंच सांगेल. पेला मात्र प्रत्येक जण प्यायचा, कारण उस्ताद बघत असायचे.

उस्ताद म्हणजे मोठ्या बाकावरचे मुख्य कारागीर. प्रयोगशाळांना लागणारी काच फुंकण्यात त्यांची तेहतीस वर्षं गेलेली. एक डोळा ज्योतीवर, दुसरा बरणीवर. कुणी पाणी न पिता बसलं की ते मान वर न करता विचारायचे, "पेला?" की समोरचा मुकाट्याने उठायचा.

आपली गोष्ट ज्या बाईची आहे तिचं 'टाकी' हे नावही त्यांनीच पाडलं होतं. पस्तिशी गाठलेली, हाताने नेटकी, फुंकरीने त्याहून नेटकी. चार वर्षांपूर्वी तिचे एका पेल्याचे दोन पेले झाले, दोनाचे तीन. पुढे पुढे ती नग व्हायचीही वाट बघेना. आता मला सांगा, एखाद्या शाळेत किंवा दुकानात कुणी बाई दर अर्ध्या तासाला तीन-तीन पेले पाणी ढोसायला लागली असती, तर कुणीतरी म्हणालं असतं ना, की अगं, तुला होतंय तरी काय? इथे तिला शाबासकी मिळाली. नवा माणूस कामाला लागला की उस्ताद त्याला बरणीपाशी उभं करायचे आणि म्हणायचे, "पाणी कसं प्यावं ते हिच्याकडून शिक. टाकी आहे नुसती." सगळे हसायचे, तीही हसायची. पाण्याबरोबर जाणं-येणंही वाढलं. पण प्यायलं तर जावं लागणारच, त्यात कुणाला काय वाटायचंय?

वाटायला लागलं ते चंबूच्या वेळी. उस्ताद निवृत्त व्हायचे होते, आणि मोठा बाक कुणाला द्यायचा याचीही रीत ठरलेली होती. बारा लिटरचा, तीन तोंडांचा, गोल बुडाचा चंबू, उस्तादांच्या डोळ्यांदेखत, एका बैठकीत करून दाखवायचा. आधी भट्टीवर गोळा फुंकायचा, मग ज्योतीवर एकेक तोंड जोडायचं, आणि तेवढा वेळ तो सतत फिरवत, सतत तापता ठेवायचा. दीड तास. मध्ये दोन मिनिटं जरी खाली ठेवला, तरी एकीकडून निवतो आणि तडकतो. दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. तीनपेक्षा जास्त संधी नाहीत.

पहिल्या वेळी चाळीसाव्या मिनिटाला तिला इतकी निकड लागली की दात आवळून, डोळे मिटून तिने आणखी पाच मिनिटं काढली आणि मग पळाली. परत येईपर्यंत टण्ण झालं होतं. दुसऱ्या वेळी तिने हुशारी केली. सकाळपासून थेंबही घेतला नाही. दुसरं तोंड जोडताना जीभ टाळूला चिकटली, ओठ नळीवर धरवेनात, तिसऱ्या तोंडाला हात असा थरथरला की काच आत घसरली. उस्ताद चिडून नव्हे, उलट फार मायेने म्हणाले, "दम आहे तुझ्यात. पण बूड एका जागी टिकत नाही तुझं."

सगळे हसले. तीही हसली, आणि मागे भुशाच्या पोत्यांवर बसून रडून आली. तिला काय सगळ्यात जास्त लागलं असेल, तर हे, की उस्तादांचं ते म्हणणं तिला खरं वाटलं. आपल्यातच काहीतरी कच्चं आहे, आपण नेटाने बसूच शकत नाही, असं तिने मनाशी धरलं. मोठा बाक तिला हवा होता, अगदी जीव टाकून हवा होता, आणि आता एकच संधी उरली होती.

मग भट्टी नव्या विटांनी बांधायला काढली आणि कारखाना तीन आठवडे बंद राहिला. तिथे गोष्ट फिरली, आणि फिरवली ती सासूबाईंनी.

सासूबाईंनी जन्मभर पाणीखात्यात मीटर वाचले. घरोघर जायचं, झाकण उचलायचं, आकडा टिपायचा. निवृत्तीनंतर वाचायला एकच मीटर उरला, घरचा. तो त्या रोज सकाळी वाचत आणि डायरीत लिहीत. लेक म्हणायचा, "आई, आता कुणाला द्यायचाय हा हिशेब?" त्या म्हणायच्या, "तुला काय करायचंय?" तर सूनबाई घरी बसल्याच्या पहिल्या आठवड्यात मीटर रोज दीडशे लिटर जास्त पळायला लागला. सासूबाईंनी नळवाल्याला बोलावलं. त्याने नळ तपासले, टाकीचा फ्लोट तपासला, फरशीला कान लावला, आणि सांगितलं की बाई, तुमच्या घरात थेंबभर गळती नाही.

सासूबाई दोन दिवस पुढच्या खोलीत निवडणं-टिपणं करत बसल्या आणि डायरीत रेघा मारत गेल्या. एक रेघ पेल्याची, एक रेघ संडासाच्या साखळीची. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी डायरी ताटाशेजारी ठेवली.

"गळती नळात नाही," त्या म्हणाल्या. "सूनबाईत आहे."

नवरा हसला. सासूबाई हसल्या नाहीत.

"हसतोस काय? भट्टी बंद आहे ना तिची? मग ही तहान कुठली?"

चार वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. टाकीच्या हातातला पेला तसाच राहिला. तिने स्वतःच फुंकलेलं आणि स्वतःच रेघा पाडलेलं लिटरभराचं मोजपात्र कपाटातून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून मोजलं. पोटात गेलं बारा लिटर. बाहेर आलं पावणेबारा. रात्रीतून सात वेळा उठणं झालं. सासूबाईंनी आकडा दोनदा अधोरेखित केला.

जवळच्या डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासली. साखर ठीक निघाली. "सवय आहे," ते म्हणाले. "पाणी कमी करा, मन रमवा." टाकी उठायलाही लागली होती, कारण आपल्यातच खोट आहे हे तिला कुणी नव्याने सांगायची गरज नव्हती. सासूबाईंनी तिचा पदर धरून खाली बसवलं.

"डॉक्टर, सवय माणसाला रात्री सात वेळा उठवते? मी तीस वर्षं मीटर वाचलेत. आकडा असा धावतो तेव्हा पाइप फुटलेला असतो. कुठला ते तुम्हाला सापडत नसेल तर ज्याला सापडेल त्याच्याकडे चिठ्ठी द्या."

चिठ्ठी मिळाली. न देऊन सांगतात कुणाला?

मोठ्या इस्पितळातल्या हार्मोनच्या डॉक्टरीणबाई बारीक आवाजाच्या, पण कामाला पक्क्या. त्यांनी टाकीला सकाळपासून एका खोलीत पाण्याविना बसवलं. दर तासाला वजन, दर तासाला लघवीची तपासणी. चौथ्या तासाला टाकी खिडकीतल्या फुलदाणीकडे बघायला लागली. फुलांकडे नव्हे, खालच्या पाण्याकडे. नर्सने ती फुलदाणी उचलून बाहेर नेली. पाचव्या तासाला वजन दोन किलोने उतरलं होतं आणि लघवी तरी नळाच्या पाण्यासारखी स्वच्छच. मग डॉक्टरीणबाईंनी एक इंजेक्शन दिलं, आणि तास-दोन तासांत ती गडद पिवळी झाली.

"बघा," त्या म्हणाल्या, "तुमची मूत्रपिंडं शहाणी आहेत. पाणी राखून ठेवा असा निरोप मेंदूखालच्या एका ग्रंथीतून यायचा असतो. तो निरोप म्हणजेच हार्मोन. तो येतच नाहीये."

"मग मी आळशी नाही?" टाकीने विचारलं.

"आळशी? बाई, एवढ्या तहानेवर तुम्ही चार वर्षं भट्टीपुढे काम केलंत. मी असते तर चार दिवसांत घरी बसले असते."

टाकी बाहेर पॅसेजमध्ये आली आणि भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. नवरा घाबरला, की काय निघालं बुवा. सासूबाईंना बरोबर कळलं होतं. "रडू दे तिला," त्या म्हणाल्या. "हे बरं वाटल्याचं रडणं आहे."

पण निरोप का थांबला, ते शोधायचं होतंच. मेंदूच्या फोटोत ग्रंथीचा देठ सुजलेला दिसला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, अंगावर कुठे गाठ, कुठे दुखरी जागा? टाकीने केसांत हात घालून कानामागचं एक टेंगूळ दाखवलं. ते तिला ज्योतीपुढे घालायच्या चष्म्याच्या पट्ट्याने आलंय असं वाटायचं. त्याखाली कवटीच्या हाडाला रुपयाएवढं भोक होतं. तिथला तुकडा तपासला, आणि आजाराचं नाव आलं: लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस. नवऱ्याने ते तीन वेळा म्हणून पाहिलं आणि नाद सोडला.

"रक्तातल्या पांढऱ्या पेशींची एक जात असते," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "काम पहाऱ्याचं. तुमच्यात त्या बिघडल्यात. जागोजागी घोळका करून बसतात, सूज आणतात, हाड पोखरतात. मोठ्या माणसांत दहा लाखांत एखाद्या-दुसऱ्यालाच होतं."

"कॅन्सर?" नवऱ्याने विचारलं.

"त्याच गावचा म्हणा, पण घर वेगळं. तुमच्या बायकोचा आजार औषधाला ऐकेल असं मला वाटतं. देठाचं झालेलं नुकसान मात्र बहुतेक भरून यायचं नाही. पाण्याचा हार्मोन जन्मभर बाहेरून घ्यावा लागेल."

आणखी दोन निरोप बंद पडलेले निघाले. पाळी वर्षभर आली नव्हती, त्यावर बायका म्हणाल्या होत्या, लवकर जाते एकेकीची. आणि भट्टीपुढे ती स्वेटर घालून बसायची, त्यावरून तर कारखान्यात वर्षभर विनोद चालले होते. थायरॉइडला हुकूमच मिळत नव्हता. इतका ढळढळीत पुरावा समोर बसून काच फुंकत होता आणि सगळे दात काढत होते!

वर्षभर दर महिन्याला पाच दिवस इंजेक्शनं झाली. केस विरळ झाले, तोंड आलं, पायऱ्या चढताना मध्ये बसायला लागायचं. पण टेंगूळ विरघळत गेलं, फोटोतली सूज ओसरली. आणि पाण्याच्या हार्मोनची ती इवलीशी गोळी घेतल्याच्या पहिल्याच रात्री ती सलग सहा तास झोपली. मीटर जागेवर आला. सासूबाईंनी त्या दिवसाच्या आकड्यापुढे काही न लिहिता नुसती मोठी टिकली काढली.

ती कामावर परतली तेव्हा उस्तादांनी निवृत्ती दीड वर्ष पुढे ढकलली होती. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तिच्या तब्येतीला जपायचं म्हणून त्यांनी तिला लहान नग दिले, परीक्षानळ्या. आणि इथेच घोळ झाला. लहान नग म्हणजे दिवसाला कितीतरी नग, आणि नगामागे पेला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की आता तहान लागली तरच प्या, कारण गोळी घेतल्यावर शरीर पाणी धरून ठेवतं. पण चौदा वर्षं अंगात मुरलेली रीत, समोर उस्ताद, आणि त्यांचं ते मायेचं "पेला?" तिला नाही म्हणवेना. आजारपणातून उठलेली बाई म्हणून उस्तादही तिच्याकडे जास्तच लक्ष ठेवून होते.

चौथ्या दिवशी दुपारी तिचं डोकं ठणकायला लागलं. पेटत्या ज्योतीकडे बघत ती बसून राहिली, पण ती बंद कशी करायची तेच आठवेना. तिने उस्तादांना "आई" अशी हाक मारली. मग भडभडून ओकली आणि बाकावरून घसरली. रक्त पाण्याने इतकं पातळ झालं होतं की त्यातलं मीठ धोक्याच्या पातळीखाली गेलं होतं. आणखी दोन पेले पोटात गेले असते तर ही गोष्ट मला वेगळी सांगावी लागली असती.

उस्ताद इस्पितळात आले ते दारातच उभे राहिले. दोन्ही हात पँटला पुसत होते, पुन्हा पुन्हा. "मी पाजलं," एवढंच म्हणाले आणि गेले.

दहा दिवसांनी ती कामावर गेली तर तिचं सामान खोकी भरायच्या खोलीत हलवलेलं. ती तडक मोठ्या बाकापाशी गेली.

"उस्ताद, माझी तिसरी संधी राहिलीय."

"ती मी देणार नाही."

"का? बूड टिकत नाही म्हणून?"

उस्तादांचा चेहरा उतरला. "ते बोललो ते माझं चुकलं. पण मला सांग, मी काय करू? पाणी पाजलं तर मरतेस. नाही पाजलं तर भट्टीपुढे पडशील. आधी पोटभर पाणी न पिता दीड तास ज्योतीपुढे टिकलेलं माणूस मी पाहिलेलं नाही."

त्यांना भीती वाटत होती, आणि ती खरी होती. टाकी तशीच मागे फिरली. घरी येऊन तिने पिशवी कोपऱ्यात टाकली. सासूबाईंनी सगळं ऐकलं, डॉक्टरीणबाईंचं पत्र आणि डायरी पिशवीत घातली, आणि दुसऱ्या दिवशी सुनेबरोबर कारखान्यात हजर झाल्या.

"उस्ताद, तुमच्याकडे काच तोलायचा मोठा काटा आहे ना? हिला आठवडाभर बाकावर बसवा. तहान लागली तर पिईल, नाही लागली तर नाही. तुम्ही विचारायचं नाही. रोज सकाळी आणि संध्याकाळी हिचं वजन करा. वजन वाढलं तर पाणी साठलं, उतरलं तर पाणी कमी पडलं. हे मी म्हणत नाही, या कागदावर डॉक्टर म्हणतायत. आकडे तुमच्या हाताने लिहा. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

उस्तादांनी पत्र दोनदा वाचलं. मग खडू घेऊन भिंतीवर चौकट आखली.

आठवडाभर ते काट्यापाशी उभे राहून वजन लिहीत होते. दोनदा त्यांच्या तोंडून सवयीने "पे..." निघालं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. टाकी दिवसातून चार-पाच पेले प्यायली, आणि प्रत्येक पेला तिला गोड लागला. किती वर्षांनी! सातव्या संध्याकाळी आकडा पहिल्या सकाळच्या आकड्याला येऊन टेकला. उस्तादांनी खडू खिशात घातला. "परवा सकाळी ये," ते म्हणाले.

त्या सकाळी सगळ्यांनी आपापल्या ज्योती बारीक केल्या. टाकी पेलाभर पाणी प्यायली, कारण तहान होती, आणि तिने नळी उचलली. भट्टीतून काच गोळा केली, फिरवली, फुंकली. पुन्हा गोळा केली, पुन्हा फुंकली. गोळा फुगत गेला आणि तिच्या खांद्यांवर वजन आलं. वर्षभराच्या औषधाने दंड बारीक झाले होते, पण फुंकर कुठेही गेली नव्हती. पहिलं तोंड जोडलं. चाळीसावं मिनिट आलं, तेव्हा तिचं तिलाच कळलं की आपण वाट बघतोय, त्या जुन्या निकडीची. ती आली नाही. दुसरं तोंड जोडलं. घाम डोळ्यांत गेला, सासूबाई दारातून पुढे व्हायला निघाल्या आणि उस्तादांनी हाताने थांबवलं. तिसऱ्या तोंडाला काच मऊ झाली, टेकली, धरली. हात हलला नाही. ती बसलेली होती. दीड तास, एका जागी, बूड टेकून बसलेली होती, आणि तिला इतका आनंद होत होता की फुंकताना हसू आवरावं लागत होतं.

चंबू निववायच्या भट्टीत गेला. दार बंद झाल्यावरच ती उठली.

दीड दिवसाने दार उघडलं. उस्तादांनी चंबू दोन हातांत घेऊन उजेडाकडे धरला, फिरवला, नखाने वाजवला. मग शेवटची परीक्षा: काठोकाठ पाणी भरून ठेवायचं आणि थेंब येतो का बघायचं. टाकीने फुंकलेलं ते लिटरचं मोजपात्र सासूबाईंनी पिशवीतून काढून पुढे केलं. उस्ताद भरायला लागले. एक. दोन. तीन. सहाव्या-सातव्याला त्यांचा वेग कमी झाला. दहाव्याला ते थांबले, चंबूकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं.

"रोज एवढं?"

"रोज. अजून दोन घाला," सासूबाई म्हणाल्या.

बारा झाली. पाणी गळ्यापर्यंत आलं. चार वर्षं ज्याला सगळे हसले, ते तिथे बाकावर भरून उभं होतं. बाहेरून एक थेंब आला नाही. उस्तादांनी खालची काच हाताने चाचपली, कोरडी होती. त्यांनी आपला तो हात डोळ्यांवरून फिरवला, कमरेला खोचलेले कातडी हातमोजे काढले आणि टाकीपुढे धरले.

"बस," ते म्हणाले. "बाक तुझा."

ती बसली. सगळे तिच्याभोवती गोळा झाले आणि एकदम बोलायला लागले, आणि नवऱ्याने तर डोळे पुसण्यासाठी सरळ खोकी भरायच्या खोलीतला भुसा लागलेला फडका घेतला. जरा वेळाने ती बाकावरून उठून बरणीपाशी गेली. उस्ताद जागच्या जागी ताठ झाले.

"कोणी सांगितलं म्हणून नाही, उस्ताद," ती म्हणाली. "मला तहान लागलीय."

तिने एक पेला भरला, सावकाश संपवला, आणि तेवढा एकच पुरला.